माटोळीपासून प्रिंटपर्यंत: डिझाइनचा एक प्रोजेक्ट पूर्ण कसा करायचा

दर वर्षी डिझाइन कॉलेजात 'लोकल कल्चर'वर इलस्ट्रेशन सिरीज करा असा ब्रीफ, म्हणजे प्रोजेक्टचा विषय, येतो आणि दर वर्षी डिस्प्लेच्या भिंतीवर तेच लागतं. नारळाचं झाड, मावळता सूर्य, पिवळी स्कूटर, पांढरं चर्च, कोपऱ्यात माशाचं ताट. काढलेलं छान असतं, मेहनत पण दिसते, पण ते सगळं कळंगुटच्या टी-शर्टवर आधीच छापून विकलं जातंय ना बाबा. मग ज्युनिअर विचारतात, ताई विषय कुठून आणायचा, आयपॅड लागेलच का, माझी प्रिंट एवढी मळकट का आली, देवनागरी टाइप केली की अक्षरं का तुटतात. प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. उदाहरण एकच घेते, माटोळी, म्हणजे नुसतं ज्ञान न होता एक काम सुरवातीपासून छापेपर्यंत कसं जातं ते दिसेल.

गोव्याबाहेरच्यांसाठी: चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी किंवा बांबूची चौकट टांगतात, तिला रानातली फळं, शेंगा, वेली, सुपारीची शिपटी (घोस), नारळ, केळी, आंबाडे असं सगळं बांधतात, ती माटोळी. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा पण घेतं आणि तिथल्या माटोळ्यांत एवढे प्रकार असतात की अर्ध्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, आजीला असतात.

विषय बारीक करा, अजून बारीक

'गोव्याची संस्कृती' हा विषय नाहीच, तो शाळेतल्या निबंधाचा मथळा आहे. 'चवथ' पण मोठाच. 'माटोळी' ठीक. 'माटोळीतल्या पाच गोष्टी, खालून वर बघताना दिसतात तशा', हा झाला प्रोजेक्ट. फरक काय पडला बघा, शेवटच्या वाक्यात किती चित्रं, काय काय, आणि कॅमेरा कुठे, हे तीनही ठरलं. माटोळी आपण कधीच समोरून बघत नाही, मान वर करूनच बघतो, आरतीच्या वेळी टाळ वाजवता वाजवता. म्हणजे फळाचा तळ दिसतो, देठ मागे जातो, दोर वर निमुळता होत जातो. हे एकदा सुचलं की पाचही पोस्टरांना आपोआप एक सूत्र मिळतं. त्यात अजून एक करता येतं, चौकटीचा बांबू पाचही पोस्टरांवर वरून तेवढ्याच अंतरावर ठेवायचा, पोस्टरं शेजारी शेजारी लावली की बांबू सलग आणि एक अख्खी माटोळी तयार. ज्युरीला असलं आवडतं, खरं सांगायचं तर मलाही आवडतं.

विषय सुचत नसेल तर घरातल्या माणसांच्या कामाकडे बघा. शिंपल्यांच्या तावदानांच्या जुन्या खिडक्या, पोदेराची (पाववाल्याची) सायकल, खाजनातली मानस (खाऱ्या पाण्याच्या शेतातली पाणी अडवायची झडप), जत्रेच्या नाटकाचा रंगवलेला पडदा, कदंबाच्या बसचं तिकीट. यातलं कुठलंही एक घ्या, पण एकच. बाणावलीला 'गोवा चित्र' म्युझियममध्ये शेतीची आणि घरातली जुनी अवजारं आहेत, एक दुपार तिथे वही घेऊन बसलात तर वर्षभराचे विषय मिळतील.

हत्यारांबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक उगाच वेळ घालवतात

आयपॅड असेल तर प्रोक्रिएट घ्या, एकदाच पैसे भरायचे, महिन्याचं भाडं नाही. नसेल तर जुना लॅपटॉप, त्यावर क्रिटा (फुकट आणि पेंटिंगला जबरदस्त), व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) आणि अक्षरांसाठी इंकस्केप (तेही फुकट), आणि ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा बिनस्क्रीनचा छोटा टॅबलेट. पहिले काही दिवस हात इकडे नजर तिकडे असं विचित्र वाटतं, मग सवय होते. फोनवर आयबिस पेंटमध्ये बोटानं काढणारी मुलं मी बघितलीयत आणि त्यांचं काम आयपॅडवाल्यांपेक्षा सरस होतं. ब्रश गोळा करत बसू नका. एक पेन्सिलसारखा, एक कडक कडेचा इंकिंगचा, एक खरबरीत कोरडा, बस्स. ज्याच्याकडे शेकडो ब्रश आहेत त्याचं चित्र सहसा अर्धवटच असतं.

एक गोष्ट मात्र फाइल उघडतानाच नीट करा. ए३ पोस्टर छापायचं असेल तर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात, त्यात चारी बाजूंनी ३ मिलीमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून थोडं मोठंच घ्या. इन्स्टावरच्या १०८० गुणिले १३५० मध्ये काढून नंतर 'मोठं करू' असं म्हणणाऱ्यांना नंतर रडताना बघितलंय. आयपॅडवर कॅनव्हास मोठा झाला की लेयरची संख्या कमी होते, ते मेमरीवर असतं, म्हणून आधी किती लेयर मिळतात ते बघून घ्या आणि फळ, दोर, पार्श्वभूमी असे जाडजाड भागच वेगळे ठेवा.

बाजारात जा, पिंटरेस्टवर नको

चवथीच्या आदल्या एकदोन दिवसांत म्हापसा, फोंडा, डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान येतं, सत्तरी तालुक्याकडच्या बायका रानातून आणून टोपल्या मांडून बसतात. पाऊस, चिखल, गर्दी, एका हातात छत्री. तिथे बसून सुंदर स्केच वगैरे होत नाही, ते स्वप्न सोडा. दोन मिनिटांच्या वेड्यावाकड्या रेघा काढायच्या, बाजूला नाव आणि रंग लिहायचा, आणि वस्तू विकत घेऊन घरी यायचं. विचारल्याशिवाय कोणाच्या तोंडावर फोन धरू नका. मी एका मावशीला चित्र काढू का विचारलं तर म्हणाली, "काड गो, पूण पयलीं कितें तरी घे." (काढ गं, पण आधी काहीतरी घे.) बरोबरच आहे तिचं. विक्रीची वेळ आहे, तुमचा सबमिशनचा मौसम असेल, तिचाही मौसमच आहे. वीस-तीस रुपयांची कांगलां (माटोळीतली पिवळी रानफळं) घेतली की मग नावं सांगते, कुठल्या डोंगरावर मिळतात ते सांगते, आणि हे फळ पोरांना खायला देऊ नको हेही सांगते.

घरी आल्यावर एका खिडकीशेजारी दोरानं वस्तू टांगा, बाकीचे दिवे बंद. पावसाळ्यात बाहेरचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडत नाही, फळ सपाट दिसतं. एकाच बाजूनं उजेड आला की गोलाई कळते. खाली जमिनीवर बसून वर बघत काढा, फोटोही तिथूनच काढा. स्वतः काढलेला फोटो रेफरन्सला वापरला की पुढे कोणी हक्काचा प्रश्नही विचारत नाही.

आता सुपारीचं शिपटं कसं बघायचं ते सांगते कारण सगळे तिथेच चुकतात. लांबून ते नारिंगी गोळ्यांचा घोस वाटतं, म्हणून मुलं काय करतात, एक गोळा काढतात आणि तो कॉपी-पेस्ट करत सुटतात, मग ती द्राक्षं दिसतात. जवळ जाऊन बघा. मधला दांडा जाड असतो, त्याला केरसुणीसारखे फाटे फुटतात, आणि प्रत्येक सुपारीच्या बुडाला सुकलेल्या पाकळ्यांची बारकी टोपी असते. पिकलेल्या नारिंगी, कच्च्या हिरव्या, काही मधल्या, आणि रंग फळाच्या एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जातो. काढताना पुढच्या चार-पाच सुपाऱ्या पूर्ण काढा, टोपीसकट, सालीवरच्या रेषांसकट. त्यामागच्या नुसत्या अर्ध्या कडा. अगदी आतल्या तर नाहीच, तिथे एक गडद डाग. डोळा बाकीच्या स्वतः मोजून घेतो. आणि मुख्य म्हणजे फाटे कुठून फुटतात ते दोन-तीन जागी तरी दिसू द्या, त्याशिवाय घोसाला वजन येत नाही, तो हवेत तरंगतो.

कांगलाचं वेगळं. पिवळी बारकी बोंडं तीन पाकळ्यांत उकलतात आणि आतून लाल दाणे दिसतात, म्हणजे एकाच झुबक्यात मिटलेलं, अर्धं उकललेलं, पूर्ण उकललेलं अशा तीनही अवस्था मिळतात, चित्राला याहून काय हवं. करमल मोठं आणि सोपं, मांसल पाकळ्या एकावर एक दुमडलेल्या, मोठ्या आकारांचा सराव करायला मस्त. तोरिंगाची साल खडबडीत म्हणून तिथे तो तिसरा कोरडा ब्रश काढायचा. कवंडाळ हे वेलीवरचं फळ लालभडक, पाच पोस्टरांत एकच एवढं लाल ठेवा.

छोटी चित्रं आधी, रंग सगळ्यात शेवटी

थंबनेल हा शब्द ऐकला की सगळे तोंड वाकडं करतात पण हेच काम वाचवतं. काडेपेटीएवढ्या चौकोनात तीनच टोन, पांढरा, मधला, काळा, एवढ्यावर चित्र वाचता येतंय का बघायचं. डिटेल शून्य. दोर कुठून येतो, फळ किती जागा खातं, नाव कुठे बसणार, एवढंच. एका पोस्टरसाठी डझनभर तरी काढा, पहिली तीन-चार सगळ्यांना सुचतात तशीच येतात (फळ बरोबर मधोमध), पुढे जरा गंमत सुरू होते, फळ अर्धं कापलं जातं, वरच्या कोपऱ्यात चढतं, दोरच हिरो होतो.

डिजिटलमध्ये एक सोपी युक्ती, सगळ्यांत वर एक लेयर काळ्या किंवा पांढऱ्यानं भरा, त्याचा ब्लेंड मोड 'कलर' करा, की चित्र ग्रेमध्ये दिसतं. हा लेयर काम करताना चालू-बंद करत राहायचं. रंगात सुंदर वाटणारी लाल-हिरवी जोडी ग्रेमध्ये एकच होऊन जाते हे तेव्हा कळतं. हिरव्या पानावर लाल कवंडाळ हे त्याचंच उदाहरण, डोळ्याला किती उठून दिसतं आणि ग्रेमध्ये दोघं एकच. मग पान गडद करा किंवा फळावर उजेड घ्या.

पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या भिंतींवर अझुलेजो, म्हणजे रंगवलेल्या पोर्तुगीज टाइल्स आहेत, जॉर्ज कोलासोचं १९३५ चं काम, टाइल्सवर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग. जाऊन उभे राहा. जहाजं, माणसं, समुद्र, ढग, सगळं मुख्यतः निळ्याच्या कमी-जास्त जाडीवर उभं केलंय. टोन समजायला यापेक्षा चांगला आणि फुकट क्लास गोव्यात नाही, आणि आपण रोज त्याच्या बाजूनं बस पकडायला जातो.

कावीची पद्धत स्क्रीनवर

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, विद्यार्थ्यानं कमी रंग घ्यावेत. आणि कमी रंगांचा आपला घरचा नमुना म्हणजे कावी. गोवा आणि आजूबाजूच्या कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर दिसते. चुना-वाळूचा गिलावा, त्यावर हुरमुंजीचा (लाल मातीच्या रंगाचा) थर, तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरडायचा की खालचा पांढरा वर येतो. वर्तुळं, फुलं कंपासनं आखलेली असतात. दोनच रंग, मधला टोन नावाची गोष्टच नाही.

हे डिजिटलमध्ये लाल पेननं पांढऱ्यावर काढून होत नाही. तसं काढलं की ते लाल शाईचं चित्र होतं, कावी वाटत नाही. थर तसेच लावा. खालचा लेयर चुन्यासारखा किंचित पिवळट पांढरा. त्यावर अख्खा लाल भरलेला लेयर, मी आरजीबीमध्ये १५५, ६०, ४५ च्या आसपासचा घेते, विटकरी, चकाकणारा नको. लाल लेयरला मास्क लावा, म्हणजे लेयरचा भाग न पुसता लपवणारा पडदा (क्रिटात त्याला ट्रान्सपरन्सी मास्क म्हणतात) आणि मास्कवर काळ्यानं काढायला सुरू करा, जिथे काळं तिथे लाल खरडून जातो. जास्त खरडलं गेलं तर मास्कवर पांढरं फिरवा, लाल परत येतो. भिंतीवरच्या कारागिराला ही सोय नव्हती, म्हणून अनडू जरा कमीच दाबा, रेघेत थोडा जोर येतो.

इथे डोकं उलटं चालवावं लागतं. तुम्ही सावली काढत नाही आहात, उजेड काढताय. करमलाच्या पाकळीची जी कड उजेडात आहे तीच खरडायची, सावलीतली कड लालात विरून जाऊ दे. मधला टोन हवा तिथे बारीक समांतर रेघा किंवा ठिपके, ओपॅसिटी कमी करायची नाही, ती केलीत की कावी संपली. ब्रश थोडा खरबरीत कडेचा हवा, पण सगळीकडे एकच टेक्स्चर मारू नका, ते लगेच फिल्टरसारखं दिसतं. कडेच्या पट्टीतल्या फुलांना प्रोक्रिएटच्या ड्रॉइंग गाइडमधली रेडियल सिमेट्री वापरा आणि मग सिमेट्री बंद करून एकदोन पाकळ्या हातानं परत खरडा.

पाचही पोस्टरं कावीत केली तरी चालतील. नाहीतर चौकट आणि पार्श्वभूमी कावीत ठेवायची आणि फक्त टांगलेली वस्तू रंगात, हेही छान दिसतं. रंगीत वस्तूला क्लिपिंग मास्क (वरचा रंग खालच्या आकाराबाहेर जाऊ न देणारा) वापरा, आधी सपाट आकार, मग त्याला क्लिप करून सावलीचा मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणाऱ्या ब्लेंड मोडचा) लेयर आणि उजेडाचा एक. सावली काळ्यानं करू नका, मळकट होते, त्याच लालाचा गडद भाऊ घ्या म्हणजे फळ आणि भिंत एकाच घरातली वाटतात.

देवनागरी, इथे सगळे अडकतात

पोस्टरवर नाव हवंच, कांगलां, करमल, तोरिंग. कॉलेजात टायपोग्राफी शिकवतात ती जवळजवळ सगळी इंग्रजीची, आणि मग देवनागरीची वेळ आली की मिळेल तो फॉण्ट. पहिली अडचण, अक्षरं तुटतात, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरं. यात फॉण्टचा दोष क्वचित असतो, सॉफ्टवेअरची सेटिंग असते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्समध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा. इंकस्केपमध्ये बहुतेक वेळा काही न करता नीट येतं. जुन्या श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या फॉण्टमधला) मजकूर कोणी पाठवला तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, फॉण्ट बदलून काही होणार नाही.

फॉण्ट फुकट आणि चांगले आहेत. 'एक टाइप' या फॉण्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता साधा आणि सरळ, मोदक लठ्ठ आणि मजेशीर (एका शब्दापुरता, परिच्छेद लावलात तर डोळे दुखतील), आणि तिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हा ल आणि श बघायची सवय लावा. हिंदी वळणाचा ल मराठी पोस्टरवर बसला की मजकूर बरोबर असूनही काहीतरी परकं वाटतं, आणि आजोबा ते एका सेकंदात ओळखतात. काही फॉण्टांत दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं. 'ऱ्या' पण टाइप करून बघा, तो नीट येत नसेल तर तो फॉण्ट मराठीसाठी सोडून द्या, कारण आपल्याकडे 'दुसऱ्या'शिवाय एक वाक्य होत नाही.

ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेघ तुटते. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, वर रफार-मात्रा, खाली उकार, दोघं एकमेकांच्या अंगावर येतात. उभं नाव लिहायचं तर 'तो', 'रिं', 'ग' असे तुकडे करा, काना-मात्रा वेगळ्या ओळीवर टाकू नका, म्हापशात अशी एक पाटी आहे, तिच्याकडे बघवत नाही.

हातानं अक्षरं काढणार असाल (काढाच, प्रोजेक्टला जीव येतो) तर एक लक्षात ठेवा, देवनागरीचा बोरू (बांबूची लेखणी) इंग्रजी निबच्या उलट तिरका कापलेला असतो. ॲपमधला तयार कॅलिग्राफीचा ब्रश इंग्रजीसाठी असतो, तो तसाच वापरला की जिथे जाड हवं तिथे बारीक येतं. ब्रशच्या सेटिंगमध्ये शेपचा कोन फिरवून घ्या. आधी अक्षरांचे दांडे आणि पोटं मांडा, मधल्या जागा डोळ्यांनी सारख्या करा, शिरोरेघ अगदी शेवटी. आधी रेघ मारली की अक्षरं तिला कपडे वाळत घातल्यासारखी लोंबतात. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जुनी मराठी वर्तमानपत्रं चाळायला मिळतात, त्यातली मथळ्यांची आणि जाहिरातींची अक्षरं बघा, फॉण्टांच्या आधीची माणसं काय काय करायची ते कळेल.

छापायला देताना

स्क्रीन आरजीबी (लाल, हिरवा, निळा उजेड), छपाई सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई), हे सगळ्यांना पाठ आहे आणि तरीही निऑन हिरवा घेऊन लोक प्रेसमध्ये जातात. चकचकीत हिरवा, नारिंगी आणि निळा शाईत तसा येत नाहीच. विटकरी लाल छान येतो, म्हणून पण कावीचं पॅलेट विद्यार्थ्यांना परवडतं. छोटी काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, ब्लॅक १०० आणि बाकी तिन्ही शून्य, चार शाया एकमेकांवर आल्या आणि केसभर सरकल्या की अक्षराला रंगीत सावली पडते. पाचही ए३ एकदम छापू नका, आधी प्रत्येकाचा एकेक तुकडा एका कागदावर जमवून एक टेस्ट प्रिंट घ्या. त्या टेस्टला दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उजेडात नेऊन बघा.

देताना अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून टाका, तुमचा फॉण्ट त्यांच्या मशीनवर नसतो. आउटलाइन करण्याआधीची फाइल वेगळी ठेवा, स्पेलिंग बदलायची वेळ येतेच. कागद मॅट घ्या, बिनचकचकीत, कावीचा थर त्यावरच शोभतो. आणि आपला पावसाळा, जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो, कडा वळतात, नंतर बुरशीचे ठिपके. प्रिंट सपाट ठेवा, प्लास्टिकच्या फोल्डरात सिलिका जेलच्या पुड्या टाका, भिंतीला टेकवून ठेवू नका. वीज जाते म्हणून ऑटोसेव्ह चालू, आणि फाइलची एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर.

नंतरचं, पोर्टफोलिओ आणि पहिलं पैशाचं काम

पोर्टफोलिओत फक्त पाच फायनल पोस्टरं टाकलीत तर तुम्ही अर्धंच दाखवलं. बाजारातलं चिखल लागलेलं पान, थंबनेलचा कागद, ग्रेमधलं चित्र, सोडून दिलेली एक दिशा आणि ती का सोडली याची दोन ओळी. कामाला घेणाऱ्याला तुम्ही विचार कसा करता तेच बघायचं असतं. प्रोक्रिएट टाइम-लॅप्स आपोआप रेकॉर्ड करतं, तो तीस सेकंदांचा करून टाका.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेघेचा मोह आम्हा सगळ्यांना होतो, गोव्यात राहून होणारच. गर्दी कशी मांडतात, प्रत्येक माणसाला काहीतरी काम कसं देतात, ते शिका, वहीत कॉपी करून बघा. पण त्यांची पात्रं उचलून तुमच्या स्टिकरवर विकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ते २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. नेटवरच्या कुणाच्या फोटोवरून हुबेहूब ट्रेस करणं पण त्याच पंगतीत.

पहिलं पैशाचं काम बहुतेक गावातूनच येतं, जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर. कामाला हात घालायच्या आधी मजकूर लेखी घ्या, कारण नावांचा क्रम हा तिथला सगळ्यात नाजूक विषय असतो, कोणाचा फोटो केवढा यावर पोस्टर रात्री अकराला बदलतं. दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते आधी सांगा, निम्मे पैसे आधी घ्या, काका ओळखीचे असले तरी. 'अरे तू आमचीच' म्हणतील, हसून हो म्हणायचं आणि जीपेचा क्यूआर दाखवायचा. आणि फायनल फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलीत तर ती दाबून बारीक होते आणि तेच फ्लेक्सवाल्याकडे जातं, मग देवळासमोर दहा फुटी फ्लेक्सवर नायकाचं नाक चौकोनी चौकोनी दिसतं आणि खाली डिझाइनर म्हणून तुमचं नाव.